दोष: निरंक

मी बॉयलर मंडळात सव्वीस वर्षं कारकून होते. हे सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, असं मंडळ असतं? असतं हो. न्हाव्याला परवाना देणारं मंडळ असतं, बियाणं तपासणारं असतं, लिफ्ट तपासणारंही असतं. लिफ्टवाल्यांचं ऑफिस आमच्याच मजल्यावर होतं आणि इमारतीची लिफ्ट मी नोकरीला लागले तेव्हापासून बंद होती, म्हणून त्यांच्याविषयी मी जास्त बोलत नाही. सरकारचा ढोबळ कारभार असा, की खातं काम करतं, मंडळ परवाना देतं आणि आयोग येऊन दोघांना विचारतो, तुम्ही हे कशाला करता.

आमच्या मंडळाकडे राज्यातले एकशे चौऱ्याऐंशी बॉयलर होते. धुलाईखाने, औषधांचे कारखाने, कागदाची गिरणी, असे. बॉयलर म्हणजे एक बंद पिंप, आत पाणी आणि खाली आग. वाफेला बाहेर पडायला वाट असेल तोवर ती गरीब गाय. वाट बंद झाली की इमारतीचं छप्पर शेजारच्या गल्लीत शोधायचं. म्हणून प्रत्येक बॉयलर वर्षातून एकदा तपासायचा, फॉर्म भरायचा आणि प्रमाणपत्र द्यायचं. मंडळाचे सात सदस्य तीन महिन्यांतून एकदा जमायचे, चहा प्यायचे आणि मी आदल्या दिवशीच लिहून ठेवलेल्या इतिवृत्तावर सह्या करायचे. अध्यक्ष हे निवडणुकीत पडलेले गृहस्थ होते. बॉयलर गरम असतो, एवढं त्यांना माहीत होतं.

तपासणारा माणूस एकच होता, निरीक्षक. त्यांना सगळे हातोडीसाहेब म्हणायचे, अगदी तोंडावरसुद्धा. मागच्या खिशात वीतभर हातोडी. ती घेऊन बॉयलरच्या अंगावर टकटक करत फिरायचे आणि आतल्या पत्र्यावर क्षार किती साठलाय ते आवाजावरून सांगायचे. बाकी बोलणं जेमतेम. माझ्यासारख्या तोंडाळ बाईचं असल्या माणसाशी जमायचं नाही, पण जमलं, कारण मी बोलत राहायचे आणि त्यांना निम्मं ऐकू यायचं नाही. जन्म बॉयलरपाशी काढला की कान जातातच.

आणि माझा धाकटा भाऊ. हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात तो बॉयलर सांभाळतो. त्याच्या परीक्षेचा फॉर्म मीच भरला होता. आई गेली तेव्हा तो नववीत होता, त्यामुळे त्याचे सगळेच फॉर्म मी भरलेत. आता अडतिसाव्या वर्षीही राहतो माझ्याकडेच आणि मोजे कुठे आहेत ते मलाच विचारतो. त्याच्या बॉयलरचं प्रमाणपत्र दर वर्षी माझ्या टेबलावरून जायचं आणि मी निर्धास्त असायचे.

मग आयोग आला. राज्यात मंडळं उदंड झाली आहेत, कोणती ठेवायची आणि कोणती मोडायची ते ठरवा, असं त्याला सांगितलेलं होतं. उंटावरून शेळ्या हाकायचं काम, पण त्यालाही ऑफिस, सहा माणसं आणि गाडी. त्यांनी चौदा पानांची प्रश्नावली धाडली. नववा प्रश्न होता, गेल्या वीस वर्षांत तपासणीत आढळलेले दोष किती.

मी रजिस्टरं काढून बसले. काहीच नसलं की आमच्यात रकान्यात ‘निरंक’ लिहितात. ‘दोष’ या रकान्यात पानामागून पान निरंक होतं. हातोडीसाहेबांच्या नोकरीच्या पहिल्या वर्षी तीन दोष होते आणि पुढची एकवीस वर्षं एकही नाही. ही रजिस्टरं मी रोज हाताळत होते, पण एकेक पान करून. सलग कधी वाचली नव्हती. अध्यक्षांना दाखवलं तर ते केवढे खूश झाले. वीस वर्षांत एक दोष नाही, हे ठळक टाइप करा म्हणाले. मी ठळक टाइप केलं. हा गाढवपणा माझा, तो मी कुणावर ढकलत नाही.

आठ दिवसांत उत्तर आलं. आमच्याकडे आठ दिवसांत पाकीटसुद्धा चिकटवून होत नसे. ज्या अर्थी दोष आढळत नाहीत त्या अर्थी तपासणीची गरज दिसत नाही, सबब मंडळ विसर्जित का करू नये, याची सुनावणी ठेवली होती.

मी कागद घेऊन हातोडीसाहेबांपुढे गेले आणि भांडले. वीस वर्षं तुम्ही जाऊन करत होतात काय, असं अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने विचारलं. ते दुसऱ्या दिवशी घरून बिस्किटांचा एक जुना डबा घेऊन आले. आत एकवीस खिसावह्या होत्या, पेन्सिलीने लिहिलेल्या.

पहिल्या वर्षी त्यांनी कागदाच्या गिरणीचा दोष रीतसर लिहिला होता. नियम असा, की दोष लिहिला की प्रमाणपत्र त्याच मिनिटाला थांबतं, प्रकरण मंडळापुढे जातं, आणि मंडळ बसणार तीन महिन्यांनी. सरकारी काम अन् सहा महिने थांब म्हणतात, आम्ही त्यातल्या त्यात चपळ. पण तीन महिने गिरणी कोण बंद ठेवील? मालकाने पुढच्या दाराला कुलूप लावलं आणि मागच्या बाजूने बॉयलर चालवला, दोषासकट. त्यात एका कामगाराचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले. त्यानंतर साहेबांनी दोष लिहायचं सोडलं. दोष दिसला की म्हणायचे, “दुरुस्त करा, मी बसलोय,” आणि तिथलं स्टूल ओढून खरंच बसायचे. कधी तासभर, कधी दिवसभर. एकदा दुसऱ्या दिवशी डबा घेऊन परत येऊन बसले होते. काम झालं की पुन्हा ठोकून बघायचे आणि मग फॉर्म भरायचे. ते निरंक लिहायचे तेव्हा दोष खरोखरच उरलेला नसायचा. काय सापडलं होतं ते खिसावहीत.

मी वह्या चाळत गेले आणि हॉस्पिटलच्या धुलाईखान्यावर आले. सेफ्टी व्हॉल्व्ह तारेने बांधलेला. सोडवला. पोराला समज दिली. पुढच्या वर्षीच्या वहीत पुन्हा तेच. लागोपाठ सहा वर्षं तेच. दाब फार वाढला की तो व्हॉल्व्ह आपोआप उघडतो आणि वाफ सोडून देतो. तारेने बांधला की वाफ वाया जात नाही, आणि तिला दुसरी वाटही राहत नाही. आणि पोरगा म्हणजे आमचंच रत्न.

संध्याकाळी जेवताना मी त्याला विचारलं. त्याने पहिल्यांदा भाजीला मीठ कमी आहे असं सांगून पाहिलं. मग कबूल झाला. व्हॉल्व्ह उघडला की वाफ जाते, मग चादरी वेळेवर वाळत नाहीत, म्हणून मॅनेजर तार बांधायला लावतो. नाही म्हटलं तर दारात दहा जण उभे आहेत म्हणतो.

“साहेब येणार आहेत म्हटलं की काढू देतो,” तो म्हणाला. “मग मी वर्षभर तेच सांगत राहतो. साहेब सांगून येत नाहीत, कधीही येतील. निदान निम्मे दिवस तार नसते, ताई.”

मी त्याला जे सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. मग माझ्या लक्षात आलं. त्याच्या नि त्या वाफेच्या मध्ये एक म्हातारा, त्याचं स्टूल आणि आमचं मंडळ, एवढंच होतं, आणि ते मंडळ मी ठळक टाइप करून बुडवायला काढलं होतं.

डबा आयोगापुढे ठेवला तर मंडळ वाचेल असं मला वाटत होतं. पण मग फॉर्म खोटे भरले म्हणून साहेबांवर बालंट येणार, आणि त्यांना निवृत्त व्हायला आठ महिने राहिले होते. मी त्यांना म्हटलं, दाखवू नका. मनात होतं, दाखवा. ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले, आणि यातलं त्यांना कोणतं ऐकू आलं ते मला कळलं नाही.

सुनावणीला मी उगाच एखादी खाष्ट बाई मनात धरून गेले होते. आयोगाच्या सदस्यबाई साध्या होत्या, हुशार होत्या, आणि सगळी चौदा पानं वाचून आल्या होत्या. आमच्या अध्यक्षांनी ती उघडूनही पाहिली नव्हती. ते अर्धा तास मंडळाच्या उज्ज्वल परंपरेवर बोलले. बाईंनी ऐकून घेतलं आणि निरीक्षकांकडे वळल्या.

“वीस वर्षांत एकही दोष नाही. मग तुम्ही तिथे जाऊन करता काय?”

साहेबांनी कानामागे हात धरून प्रश्न पुन्हा विचारून घेतला. मग माझ्याकडे पाहिलं. माझा भाऊ कुठे काम करतो ते त्यांना माहीत होतं. त्यांनी डबा टेबलावर ठेवला, झाकण काढलं आणि पहिल्या वहीपासून वाचायला लागले. तारीख, जागा, दोष, काय केलं. पाणी दाखवणारी काच तुंबलेली. दाबाचा काटा अडकलेला. व्हॉल्व्ह बांधलेला. तीन तास वाचत होते आणि त्यांना कुणी थांबवलं नाही. अध्यक्षसुद्धा सरळ बसले. सगळे मिळून नऊशेबारा दोष होते. बाई भराभर लिहून घेत होत्या. मला वाटलं, जिंकलो.

“आणि त्या तारखांना रजिस्टरमध्ये काय लिहिलंय?” बाईंनी विचारलं.

“निरंक.”

“सही कुणाची?”

“माझीच.”

बाईंनी पेन खाली ठेवलं. त्यांचा चेहरा उतरला होता, खोटं कशाला बोलू. “साहेब, तुमच्या वह्या खऱ्या धरायच्या तर मला मंडळाचं रजिस्टर खोटं धरावं लागेल.”

“धरा,” ते म्हणाले. “फक्त कुणाला तरी पाठवत जा.”

अहवाल दोन महिन्यांनी आला. ज्या मंडळाच्या नोंदी एकवीस वर्षं खोट्या आहेत ते ठेवता येत नाही, म्हणून मंडळ विसर्जित. यापुढे ज्याचा बॉयलर त्यानेच तपासायचा आणि फॉर्म भरून खात्याकडे पाठवायचा. साहेबांची चौकशी लागली, पेन्शन अडकली आणि वह्या पुरावा म्हणून लाखेच्या मोहोरेखाली कपाटात गेल्या. चोर सोडून संन्याशाला फाशी. अध्यक्ष दुसऱ्या मंडळावर गेले, मधमाश्यांच्या असं ऐकलं. बिचाऱ्या माश्या.

शेवटच्या दिवशी मी साहेबांकडे हातोडी मागितली. त्यांनी दिली नाही. म्हणाले, “ठोकायला शिकायला दहा वर्षं लागतात, बाई. बसायला काही शिकावं लागत नाही.” मला तेव्हा राग आला होता.

माझी बदली खात्याच्या आवक विभागात झाली. आलेल्या कागदावर ‘प्राप्त’ असा शिक्का मारायचा आणि ढीग उजवीकडून डावीकडे न्यायचा. वर्षअखेरीस बॉयलरचे फॉर्म एका गठ्ठ्याने आले, एकशे चौऱ्याऐंशी. सगळ्यांवर दोष निरंक. हॉस्पिटलचा धुलाईखाना तळाशी होता. ‘मी स्वतः तपासणी केली आहे’ या ओळीखाली सही होती ती मी ओळखली. ती गिरवायला मीच शिकवली होती.

शिक्का खाली ठेवून मी जेवणाच्या सुट्टीत धुलाईखान्यात गेले. आत ओल्या कापडाचा वास आणि सगळीकडे चादरी. बॉयलर कोपऱ्यात होता, आणि व्हॉल्व्हवर तार होती, नवी कोरी. हा पठ्ठ्या खाली उभा राहून काटा बघत होता.

“ताई, तुला इथे यायचा अधिकार नाही,” तो म्हणाला.

साहेबांचं स्टूल तिथेच होतं. मी ते ओढून घेतलं.

“नाहीच आहे. दुरुस्त कर, मी बसलेय.”

मॅनेजर आला. बोलला, गेला, परत आला. कोणत्या कार्यालयाकडून आलात म्हणाला. मी म्हटलं, घरून. हात धरून बाहेर काढायला त्याला धीर झाला नाही, कारण मी तोवर पर्समधून डबा काढून जेवायला सुरुवात केली होती. चादरींच्या गाड्या अडकून पडल्या. एक तास चाळीस मिनिटांनी तो म्हणाला, काढ ती तार एकदाची. धाकट्याने दाब उतरवला, पक्कड आणली आणि तार तोडली. तार मी पर्समध्ये टाकली. पुन्हा येईन म्हटलं, वार सांगितला नाही.

ऑफिसात परत आले तेव्हा तीन वाजले होते. त्याचा फॉर्म वर काढला आणि शिक्का मारला. आता तो खरा होता. राज्यात बॉयलर एकशे चौऱ्याऐंशी आहेत आणि मला भाऊ एकच. उरलेल्या एकशे त्र्याऐंशी फॉर्मवर पाच वाजेपर्यंत शिक्के मारले आणि गठ्ठा डावीकडे ठेवला.