कॉलरीचा फर्मा

आमच्या शिलाईच्या दुकानात भिंतीवरच्या खिळ्यांना कागदी फर्मे लटकतात. कापडावर फर्मा ठेवायचा, कडेनं खडू फिरवायचा आणि कात्री चालवायची. त्यातला कॉलरीचा फर्मा माझा लाडका. या गल्लीतल्या अर्ध्याअधिक माना त्याच्याच मापात बसल्यात.

साहेबांचं स्मारक होतंय. तिथल्या स्वयंसेवकांचे शर्ट आमच्याकडे आले. स्मारक समितीचे चिटणीस कॉलरी झाल्या का बघायला आले आणि त्या फर्म्यापुढे उभेच राहिले. त्यावर अक्षरं होती, टोकाला सही होती.

"हे साहेबांचं हस्ताक्षर," ते म्हणाले. "तुमच्याकडे कुठून आलं?"

"टपालानं," मी म्हटलं. "माझ्या नावावर."

माझा नवरा काचेच्या कारखान्यात होता. फाटकासमोर मोर्चा अडवला, गोळीबार झाला, आणि जेवायला येतो म्हणून गेलेला माणूस आलाच नाही. साहेब तेव्हा मंत्री होते. त्यांनी स्वतःच्या हातानं मला पत्र लिहिलं. वर सांत्वन होतं, 'ताई' म्हटलं होतं. खाली होतं, 'गोळीबाराची चौकशी करून दोषींना शिक्षा करवीन, हा माझा तुम्हाला शब्द आहे.' ते पत्र मी उशाखाली घेऊन झोपायची. चौकशी झाली नाही. हुकूम देणाऱ्या अधिकाऱ्याला बढती मिळाली. साहेबांनी आमच्या तोंडाला पानं पुसली हे ज्या दिवशी कळलं, त्या दिवशी मला नवे फर्मे कापायचे होते आणि घरात एवढा जाड कागद दुसरा नव्हता. पत्राच्या वरच्या भागाचा खिसा केला, खालच्या भागाची कॉलर.

दुसऱ्या दिवशी चिटणीस पुन्हा आले. उद्घाटनाची सोनेरी कडेची निमंत्रणपत्रिका त्यांनी टेबलावर ठेवली. म्हणाले, पहिल्या रांगेत खुर्ची देतो. साहेबांनी हातानं लिहिलेलं खासगी पत्र कुठंच उरलेलं नाही, हे काचेच्या पेटीत ठेवू, तुम्ही म्हणाल तो आकडा देऊ.

माझी नणंद काज करत बसली होती. "वहिनी, देऊन टाक," ती म्हणाली. "मशीनला मोटर तरी बसवू." तिचं काही चुकलं नव्हतं. पायमशीन चालवून रोज तिच्या पोटऱ्यांत गोळे येतात.

"द्यायला माझी ना नाही," मी म्हटलं. "दोन्ही तुकडे शेजारी शेजारी लावा."

चिटणिसांनी घसा खाकरला. "खिसा पूर्ण घेऊ. कॉलरीचं मात्र सहीचं टोक तेवढं. मधला भाग तसाही खडूनं मळलाय."

"मळलाय की नडतोय? ताकाला जाऊन भांडं कशाला लपवता?"

"ताई, स्मारकात कटुता नको. एवढंसं टोक तर कापायचंय."

नणंदेनं सुई कापडात टोचून ठेवली. "तुमच्या अंगातला शर्ट आमच्याकडचाच," ती म्हणाली. "कॉलर याच फर्म्यावरची. टोक कापायचंच असेल तर आधी तुमच्या कॉलरीचं कापते." आणि तिनं खरंच कात्री उचलली. गेला तो तिचा सख्खा भाऊ होता, हे त्या गृहस्थांना ठाऊक नव्हतं.

चिटणिसांचा हात गळ्याकडे गेला. "मग शर्टांचं काम दुसरीकडे देतो," ते उठत म्हणाले.

"द्या की. कॉलरी शिवून तयार आहेत, त्याही घेऊन जा. साहेबांचा शब्द पुतळ्याभोवती सगळ्यांच्या मानेवर बसू दे. त्यांच्या मानेवर तो कधी बसला नाही."

गठ्ठा त्यांनी नेला. न नेऊन करतात काय, उद्घाटन तोंडावर आलं होतं.

त्यांची पाठ वळल्यावर मला भीती वाटली, खोटं कशाला सांगू. ही माणसं दुकान बंद पाडू शकतात. तरी मी खिसा आणि कॉलर एका पुठ्ठ्यावर जोडली आणि दुकानाच्या काचेत लावली. नणंदेनं खाली ठसठशीत अक्षरांत लिहिलं, 'विकायचं नाही. चौकशी बाकी आहे.' स्मारकाचा रस्ता आमच्या दारावरूनच जातो. लोक थांबतात, वाचतात, काही जण आत येऊन विचारतात. विचारणाऱ्याला मी सगळं सांगते.

कॉलरीसाठी नवा फर्मा मात्र करावा लागला. चिटणीस रागाच्या भरात निमंत्रणपत्रिका टेबलावरच विसरले होते. कागद चांगला जाड निघाला.