खालच्या टोकाची गाठ

बाइंडरबाईंच्या पत्राला ग्रंथपालांनी अकरा महिने उत्तर दिलं नव्हतं. पत्र हरवलेलं नव्हतं. हरवलं असतं तर सुटलो असतो, असंही एकदा त्यांच्या मनात येऊन गेलं होतं. ते घरच्या शब्दकोशात ठेवलेलं असायचं आणि कोश उघडला की दत्त म्हणून समोर उभं राहायचं.

पत्र बाईंच्या सुनेच्या अक्षरात होतं, शब्द मात्र बाईंचे. 'मनगटाचं ऑपरेशन फसलं. सांधा कायमचा जखडून टाकू, हालचाल जाईल पण दुखणंही जाईल, असं डॉक्टर म्हणाले होते. हालचाल गेली, दुखणं राहिलं. हाड जुळलंच नाही. तरी काम चालू आहे. ग्रंथालयाला नुकतीच पाठवलेली पुस्तकं पहिल्यासारखी आहेत का? नसतील तर स्पष्ट कळवा, मी दाबयंत्र विकून टाकते. घरचे खरं सांगणार नाहीत.'

ग्रंथपालांनी त्याच दिवशी ती पुस्तकं उघडली होती. तीस वर्षं बाईंची शिलाई त्यांच्या बोटांखालून गेलेली. फर्मे, म्हणजे घडी घातलेल्या पानांचे गठ्ठे, शिवून झाले की बाई दोऱ्याची गाठ वरच्या टोकाला मारत. इथे गाठ खालच्या टोकाला होती आणि टाकेही उलट्या बाजूला कललेले. काम चोख होतं, पण हात दुसऱ्या कुणाचा तरी होता. बाईंनी कारागीर ठेवला आणि काम स्वतःचं म्हणून पाठवलं, अशी त्यांची खात्री पटली. 'छान आहे' लिहावं तर खोटं, 'तुमचं नाही' लिहावं तर जखमेवर मीठ. ते 'सप्रेम नमस्कार' एवढं लिहायचे आणि पेनाला टोपण लावायचे.

मग एका गुरुवारी कोशाचाच कणा तुटला. दुसरा बाइंडर गावात नव्हता. कोश काखोटीला मारून गेले बिचारे बाईंकडे, चोरासारखे.

दारातच सून पुठ्ठे कापत होती. "आलात एकदाचे! सासूबाई, पत्रवाले काका आलेत हो!"

आत बाई शिवत बसल्या होत्या. पट्ट्यात आवळलेला उजवा हात शेकायच्या पिशवीवर ठेवलेला. फर्मे गुडघ्यांत दाबलेले, दोऱ्याचं टोक दातांत आणि सुई डाव्या हातात. तीन टाके, मग थांबून एक लांब श्वास, मग पुन्हा तीन टाके. शेजारचं घड्याळ वाजलं तशी त्यांनी सुई खाली ठेवली.

"वीस मिनिटं झाली की थांबायचं," बाई म्हणाल्या. "नाही थांबले तर दुसऱ्या दिवशी पेलासुद्धा उचलवत नाही. हा उजवा हात म्हणजे घरातला जावई झालाय. काम शून्य, आणि बडदास्त रोज!"

पिशवी बदलून त्यांनी उरलेले टाके घातले आणि डाव्या हातानं, दातांनी, दोऱ्याची गाठ मारली. खालच्या टोकाला.

"ही गाठ... तुम्हीच मारता?" ग्रंथपालांच्या तोंडून निघून गेलं.

"मग काय, भूत येतं मारायला?"

"मला वाटलं... तुम्ही माणूस ठेवलाय."

सुनेची कात्री थांबली. "म्हणजे अकरा महिने मी तुमच्या लेखी लबाड होते?" बाई म्हणाल्या.

धरणीनं पोटात घ्यावं असं ग्रंथपालांना झालं. पण बाईंना हसूच फुटलं, आणि त्या हसण्याचा हिसका मनगटाला बसला. चेहरा पांढराफटक पडला. डोळे मिटून त्या कळ ओसरायची वाट पाहत राहिल्या. सून जागची हलली नाही. तिला ठाऊक होतं, हात लावलेला चालत नाही. मग बाईंनी डोळे उघडले आणि पहिलं काय केलं, तर सुईत दोरा ओवला.

"काम कसं वाटलं, ते राहिलंच की."

"उत्तम आहे, फारच—"

"थांबा. तोंडी नको, लिहून पाठवा. तोंडी कौतुक संध्याकाळपर्यंत टिकत नाही. कळ आली की काढून वाचता आलं पाहिजे. तुमचं उत्तर नाही, म्हणून विकायचं ठरवलं; सोमवारी माणूस यंत्र न्यायला येतोय. आज पत्र टाकलंत तर शनिवारी पोचेल."

कोश तिथेच ठेवून ग्रंथपाल तडक ग्रंथालयात गेले. बाईंचे ते सगळे खंड त्यांनी टेबलावर मांडले, एकेक पुठ्ठ्याला धरून उलटा झटकला. रोज शंभर हात लागूनही एक पान सुटलेलं नव्हतं. मग लिहायला बसले.

'सप्रेम नमस्कार. तुमच्यावर शंका घेतली, क्षमा करा. तुम्ही स्पष्ट विचारलंत म्हणून लिहितो. कापडाचे कोपरे पूर्वीइतके टोकदार नाहीत. शिलाई मात्र पूर्वीपेक्षा घट्ट आहे. तुमच्या उजव्या हाताची पुस्तकं चौथ्या वर्षी सैल व्हायची. ही होतील असं वाटत नाही. इतक्या दुखण्यात असं काम मी दुसऱ्या कुणाचं पाहिलेलं नाही. यंत्र विकू नका. माझा कोश तुमच्याकडेच आहे, त्याला घाई नाही.'

तीनदा वाचलं. 'घट्ट' शब्द बरोबर आहे ना, अशी शंका आली. कागद फाडायला हात पुढे गेलाच होता, पण घड्याळात पाच वाजत आले होते. पाचला टपालपेटी उघडतात.

ते रस्त्यानं चक्क धावले, या वयात, छत्री ग्रंथालयातच विसरून. पोस्टमन पेटीला किल्ली लावत होता. ग्रंथपालांनी पाकीट फटीत सरकवलं आणि आत पडल्याचा आवाज ऐकला.

"हातात दिलं असतंत तरी चाललं असतं की, आजोबा," पोस्टमन म्हणाला.

"नको," ग्रंथपाल धापा टाकत म्हणाले. "मी परत मागितलं असतं."