माळेखाली कोंडलेली जाळी

मित्रांनो, मी एक जुना ड्रायर आहे. केस वाळवणारा नव्हे, हवा वाळवणारा. हसू नका. तमिळनाडूतील करूरच्या या कारखान्यात बसगाड्यांचे सांगाडे मढवून रंगवतात. रंगाच्या गनला लागणारी हवा कॉम्प्रेसर दाबतो, तेव्हा तिच्यातील बाष्पही दाटते. ती तापलेली हवा मी गोठणबिंदूच्या जरा वर येईपर्यंत थंड करतो. बाष्पाचे थेंब होऊन नळीवाटे निथळतात. काढून घेतलेली उष्णता मी पाठीच्या जाळीतून बाहेर टाकतो. जाळी बुजली, की माझा थंडावा संपला.

चौदा वर्षे माझे कोणी नावही काढले नाही. याला मी कृतघ्नता म्हणत नाही. पण न्यायही म्हणत नाही.

कौतुक झाले ते यंदाच्या आयुधपूजेला, म्हणजे आपल्या खंडेनवमीला. मालकांच्या आईने, म्हणजे अम्मांनी, मला चंदन लावले आणि झेंडूची जाडजूड माळ नेमकी जाळीवर घट्ट बांधली. पूजेची माळ वाळून गळेपर्यंत उतरवायची नाही, ही त्यांची रीत.

त्या आठवड्यात रंगारी मुत्तैयन यांच्या दोन गाड्यांच्या रंगावर फोड उठले. मालक म्हणाले, "अण्णा, हात थकले तुमचे. तिसरी बिघडली, तर गन खाली ठेवा."

मला ओरडता येत नव्हते. अंग भाजत होते, आणि न निथळलेले बाष्प पुढे नळांत पाणी होऊन त्यांच्या गनकडे धावत होते.

तिसऱ्या गाडीला रंग देण्याआधी मुत्तैयन यांनी गनची नुसती हवा आरशावर सोडली. आरशावर थेंब उमटले.

"पूंगोडी, बघ! हात माझे थकले, की हवेला घाम फुटला?"

वीजकाम पाहणाऱ्या पूंगोडीने मला हात लावला आणि झटक्याने मागे घेतला. "अण्णा, याला ताप चढलाय. माळ तोडते."

"अम्मांना कळलं, तर तुझीच पूजा बांधतील!"

"बांधू देत. देवाला श्वास लागत नाही, याला लागतो."

"कोण तोडतंय माळ?" दारात अम्मा उभ्या होत्या.

मुत्तैयन यांनी ओला आरसा त्यांच्यापुढे धरला. अम्मांनी त्यात क्षणभर पाहिले, मग पुढे येऊन स्वतःच्या हातांनी गाठ सोडली.

मी निवलो. पूंगोडीने नळांतील पाणी काढले. या खेपेस आरसा कोरडा राहिला आणि गाडी डागाविना बाहेर पडली. मालक मान वळवून म्हणाले, "सोमवारी चौथी घ्या, अण्णा."

मित्रांनो, यंत्राला हार जरूर घाला. आधी ते श्वास कोठून घेते, एवढे विचारा. आणि कोणाचे हात थकले असे म्हणण्यापूर्वी, त्या हातांपर्यंत आपण काय पोचवले, ते पाहा.