बाईसाहेबांची ताटली

सव्वीस वर्षं औषधांच्या दुकानात काउंटरमागे उभं राहून ताईने लोकांच्या गुडघ्यांना जेवढा धीर दिला असेल, तेवढा कुणी पोटच्या पोराला दिला नसेल. "रोज एक घ्या, तीन महिने नेमाने घ्या, फरक पडेल." हे वाक्य तिच्या तोंडात इतकं बसलं होतं, की समोरचा माणूस खरंच लंगडतोय की नुसता पत्ता विचारायला आलाय हेसुद्धा ती बघत नसे. फरक पडायचा का? कुणाला पडायचा, कुणाला नाही. ज्यांना पडायचा नाही ते हळूहळू यायचे बंद व्हायचे आणि वाक्य पुढच्या गिऱ्हाइकाच्या वाट्याला जायचं.

तेच वाक्य एका मंगळवारी तिला स्वतःला ऐकून घ्यावं लागलं, तेही पाळीव प्राण्यांच्या सामानाच्या दुकानात, तिच्या निम्म्या वयाच्या मुलीकडून. "रोज एक चमचा जेवणात मिसळा, तीन महिने नेमाने द्या, फरक पडेल." त्या मुलीच्या कानाखाली एक ठेवून द्यावी असं ताईला वाटलं. पण घरी बाईसाहेबांना खिडकीत चढता येत नव्हतं, म्हणून तिने मुकाट्याने ऐकून घेतलं.

बाईसाहेब म्हणजे मांजर. चौदा वर्षांचं, करड्या रंगाचं, अंगाने भरलेलं आणि स्वभावाने तिखट. नाव आईने ठेवलेलं. आई जाऊन तीन वर्षं झाली होती, मांजर मागे राहिलं होतं. घरात आता तिघंच, ताई, तिचा धाकटा भाऊ आणि बाईसाहेब. धाकटा जुन्या सोफ्या-खुर्च्यांना नवं कापड चढवायचा. पुढच्या खोलीतच त्याचं काम चाले. काम करताना ओठांत बारीक खिळे धरलेले असत, त्यामुळे तो बोलत नसे. खिळे नसतानाही बोलत नसे, पण त्याचं कारण वेगळं होतं. आई गेली त्याच आठवड्यात बहीणभावात कडाक्याचं भांडण झालं होतं. तो म्हणाला, तुझ्या दुकानातल्या गोळ्यांनी आईची वाट लावली. ती म्हणाली, तू कुठून कुठून टॉनिकच्या बाटल्या उचलून आणायचास, त्यांनी लावली. तेव्हापासून दोघं एकमेकांशी चकार शब्द बोलत नव्हती. जे काय सांगायचं ते मांजराला सांगायचं.

"बाईसाहेब, गॅस संपत आलाय म्हणावं."

"बाईसाहेब, कालच फोन केलाय म्हणावं."

आणि बाईसाहेब मधोमध बसून दोघांकडे आळीपाळीने बघायच्या, एखाद्या साहेबाने दोन कारकुनांची गाऱ्हाणी ऐकावीत तशा. शेजारीण हे बघून तोंडाला पदर लावून हसायची. ताईला मात्र हसू येत नव्हतं. हे मांजर गेलं की या घरात माणसाचा आवाज उठायचा नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

बाईसाहेबांना चढता येईनासं झालं तेव्हा ती एकटीच त्यांना जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली होती. बाईंनी मागचे पाय वाकवून बघितले, एक्स-रे काढला आणि संधिवात आहे म्हणून सांगितलं. "सांध्यांसाठी पूरक औषधं मिळतात. काही मांजरांना गुण येतो, काहींना नाही. तुम्ही कुठलंही एक निवडा, पण एका वेळी एकच. नाहीतर कशाने काय झालं ते मलाही कळणार नाही."

आता हे धाकट्याला सांगायला हवं होतं. पण सांगायचं तर बाईसाहेबांमार्फत सांगावं लागणार. त्यांच्याच तोंडावर त्यांच्या दुखण्याच्या गोष्टी करायला ताईची जीभ रेटेना. मग तिने कुणालाच काही सांगितलं नाही.

तर त्या मंगळवारी तिच्यासमोर तीन डबे होते. एकावर शिंपला छापलेला, दुसऱ्यावर कुणा डॉक्टरचा हसरा फोटो, तिसऱ्यावर उंच उडी मारणारं मांजर. ताई जन्मभर बारीक अक्षरं वाचत आलेली बाई. तिन्ही डबे फिरवून फिरवून वाचले तेव्हा तिला दिसलं, की आतला माल उन्नीस-बीस तोच आहे. उडी मारणारं मांजर हे कुठलंतरी तरणंताठं मांजर असणार, त्याने आयुष्यात हा डबा हुंगलाही नसणार, हेही तिला कळत होतं. कळून तिने तोच उचलला. असा डबा उचलणाऱ्या गिऱ्हाइकांना ती आजवर मनातल्या मनात भोळी म्हणत आली होती.

आठवडा गेला. रोज सकाळी उकडलेल्या मासळीत एक चमचा पावडर. बाईसाहेब नाक मुरडून अर्धं खायच्या. आठव्या दिवशी त्यांनी खिडकीकडे बघून उडी घेतली, पुढचे पाय कडेला लागले, मागचे आलेच नाहीत, आणि त्या धप्पकन खाली आल्या. लगेच बसून पंजा चाटायला लागल्या, जणू पडल्याच नव्हत्या. त्याच संध्याकाळी ताईने हसऱ्या डॉक्टरचा डबा आणला. त्यातल्या गोळ्या कुटून घालायला लागली. पहिली पावडर संपवायची म्हणून तीही चालूच ठेवली. "एका वेळी एकच" हे बाईंचं म्हणणं तिला आठवत होतं, पण तीन महिने थांबायचं तर मांजराकडे तीन महिने आहेत का, हे कोण सांगणार? पुढच्या आठवड्यात तिने आपल्याच दुकानातल्या माशाच्या तेलाच्या कॅप्सूल आणल्या. टाचणीने भोक पाडून त्याच ताटलीत पिळायला लागली.

बाईसाहेबांचं खाणं दिवसेंदिवस कमी होत गेलं. दुखणं वाढतंय, ताईने ठरवून टाकलं, आणि चमचा शिगोशीग भरला.

तिसऱ्या आठवड्यातल्या गुरुवारी त्यांनी ताटलीला तोंडच लावलं नाही. जवळ आल्या, वास घेतला, आणि वाटेत दोनदा बसत बसत आईच्या पलंगाखाली निघून गेल्या. शुक्रवारीही तेच. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा ताईने दुकानात येत नाही असा निरोप धाडला. ती पलंगापाशी पालथी पडली, बोटावर घास घेऊन हात आत घातला. "खा ना गं. एकच घास. तुझ्या पाया पडते, खा." बाईसाहेबांना अगं-तुगं करायची या घरात कुणाची टाप नव्हती. बाईसाहेबांनी तोंड भिंतीकडे वळवलं. ताई तिथेच गार फरशीवर कपाळ टेकून रडली. पुढच्या खोलीतला हातोडा मध्येच थांबला होता, ते तिला ऐकू आलं. तिने पदराने तोंड दाबून धरलं.

शनिवारी सकाळी धाकटा दारात येऊन उभा राहिला. ओठांत खिळे नव्हते. "बाईसाहेब, डॉक्टरकडे न्यायला पाहिजे म्हणावं," तो म्हणाला. पलंगाखालून कुणी बाहेर आलं नाही. निरोप कुणी घेतलाच नाही. तो थोडा वेळ तसाच उभा राहिला, मग म्हणाला, "ताई, चल."

दवाखाना चार गल्ल्या पलीकडे होता. टोपली त्याने दोन्ही हातांनी छातीशी धरली होती, न खाल्लेली ताटली आणि डबे तिच्या पिशवीत होते. वाटेत टोपलीला धक्का लागला की तेवढं "जपून" असं ती म्हणायची.

डॉक्टरीणबाईंनी बाईसाहेबांच्या हिरड्या बघितल्या, पोट दाबून बघितलं. मग ताटली नाकापाशी नेली आणि झटकन दूर केली. "यात काय काय घालता?"

ताईने पिशवीतून पावडर काढली. मग गोळ्या. मग कॅप्सूल. बाईंच्या भुवया प्रत्येक डब्याला वर चढत गेल्या. ताईची मान खाली गेली. तेवढ्यात धाकट्याने खिशातून एक बाटली काढून टेबलावर ठेवली.

"शिंपल्याचा अर्क," तो पुटपुटला. "एका गिऱ्हाइकाच्या कुत्र्याला गुण आला होता. ही दुकानात गेली की दुपारी घालायचो. खाईनात, म्हणून डोस वाढवला."

"तू?" ताई म्हणाली.

"मग काय करू? डोळ्यांदेखत पडतायत बिचाऱ्या. आणि तू काही करत नाहीयेस असं वाटलं मला."

"मी काही करत नाहीये?" ताईचा आवाज चढला. "मी तीन आठवडे..."

"भांडण घरी करा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "सांधे दुखतायत हे खरं आहे. पण खाणं सांध्यांनी सुटलेलं नाही, ते तुम्ही सोडवलंत. जेवणाचा वास आला की त्यांना आता औषधच येतंय असं वाटतं. मांजर असं उपाशी राहिलं की यकृत बसतं. हे सगळं बंद. दुखण्यावर मी इंजेक्शन देते. घरी साधं उकडलेलं द्या, त्यात काही म्हणजे काही घालायचं नाही. उद्या दुपारपर्यंत खाल्लं नाही तर भरवायला नळी घालावी लागेल, आणि त्यासाठी भूल द्यावी लागेल."

"ती सोसेल ना त्यांना?" धाकट्याने विचारलं.

"या वयात मी शब्द देऊ शकत नाही."

घरी आल्यावर ताईने ताटली तीनदा घासली. तरी तेलाचा वास जाईना, तेव्हा तिने ती केरात टाकली आणि कपाटातली काचेची बशी काढली. धाकट्याने गोंदाचा वास लागलेला सदरा बदलला, हात कोपरापर्यंत धुतले. साधी मासळी उकडून, निववून, बशी पलंगापाशी ठेवली. बाईसाहेबांनी वास घेतला आणि डोळे मिटले. संध्याकाळी ताजी ठेवली. तीही तशीच सुकली. सगळं बंद करून नुसतं बसून राहायचं, हे दोघांनाही आयुष्यात कधी जमलेलं नव्हतं. दहा वेळा ताईचा हात डब्यांच्या फळीकडे गेला. दहाव्यांदा धाकट्याने डबे उचलले आणि कचऱ्याच्या गाडीवर नेऊन टाकून आला.

रविवारी अकरा वाजता पलंगाखाली खुडबुड झाली. दोघं फरशीवर भिंतीला टेकून बसली होती. बाईसाहेब आल्या, लंगडत, थांबत. बशीभोवती त्यांनी किती वेळ हुंगलं, एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने. मग बाईसाहेबांनी जीभ लावली. एक तुकडा. थांबल्या, दोघांकडे बघितलं, जणू म्हणत होत्या, आत काय दडवलंय ते सांगा. दुसरा तुकडा. मग मान खाली घालून खायलाच लागल्या.

ताईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. धाकट्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला. काही वेळ त्या लहानशा जिभेचा आवाज तेवढा खोलीत येत होता.

मग त्याचा हात खांद्यावरून निघाला.

"ताई," तो म्हणाला, "आई पण अशीच तोंड फिरवून सरकवायची गं. वाटी."

ताईने त्याच्याकडे बघितलं नाही.

"कडू लागतंय म्हणायची. शेवटी शेवटी तर तोंडच उघडेना." तो बशीकडे बघत बोलत होता. "मी तिच्या सूपमध्ये टॉनिक घालायचो. तू नको म्हणशील म्हणून सांगितलं नाही तुला."

"मी गोळ्या कुटून घालायचे," ताई म्हणाली. "तिला गिळवत नव्हत्या. त्याच सूपमध्ये."

"तू रागवायचीस तिला."

"नखरे करतेस म्हणायचे. तू पण म्हणायचास."

धाकट्याने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. ताईला त्याला जवळ घ्यावंसं वाटलं, पण हात उचलला गेला नाही. बशी चाटूनपुसून स्वच्छ झाली होती. बाईसाहेबांनी मान वर केली. त्यांना आणखी हवं होतं. दोघांपैकी कुणालाही उठता येईना.