भरावाखालचा खुंटा

मी एक जुना लाकडी खुंटा आहे. मित्रांनो, मला शोधायला येऊ नका. बंदराच्या नव्या फरशीखाली, दगडमातीच्या भरावात मी उभाच्या उभा गाडलेला आहे. वर ट्रक थांबला की माझं डोकं ठणकतं.

एका सुताराने मला तासलं, डांबर फासलं आणि खाडीच्या तोंडाशी रोवलं. "हा हलला तर मला विचारा," असं तो छाती ठोकून म्हणाला होता. मी हललो नाही. वादळात होड्यांच्या दोरांनी मला खाचा पडत, पण सकाळी त्यांचे मालक माझ्या पाठीवर थाप मारून जात. पुढे पक्का धक्का झाला. होड्या तिकडे गेल्या आणि माझ्या अंगावर कालवं चढली.

तरी मी एकटा नव्हतो. ओहोटीला पाणी सरलं की दूरवर चिखल उघडा पडे आणि हातावर पोट असलेल्या बायका शिंपल्या वेचायला येत. त्यांच्यातली थोरली, सगळ्यांची मावशी, जेवणाचा डबा मलाच अडकवी. भरती आली की त्या घरी जात.

मग बंदर वाढवायचं ठरलं. भरावाला सरकारी मंजुरी हवी आणि मंजुरीआधी पाहणी हवी. पाहणीचे साहेब लाँचमधून आले. लाँचला खोल पाणी लागतं, म्हणून ते भरतीलाच आले. दोर माझ्याच गळ्यात पडला. साहेब काही वाईट नव्हते. त्यांनी डोळ्यांत तेल घालून चौफेर पाहिलं, पण जिकडेतिकडे पाणीच पाणी. "लिहून घ्या," ते कारकुनाला म्हणाले, "या जागेचा कुणी वापर करत नाही." दुसरी पाहणीही लाँचमधूनच झाली.

सुनावणीला मावशी गेली. परत आल्यावर ती बायकांना सांगत होती.

"मी म्हटलं, साहेब, ओहोटीला या. तर म्हणाले, ओहोटीला लाँच चालत नाही, मावशी."

"मग?"

"मग काय, पुढचं नाव पुकारलं."

साहेबांना ते लागलं असावं. एका ओहोटीला ते बूट हातात धरून, चिखल तुडवत एकटेच आले. माझ्या आधाराने ते बराच वेळ उभे राहिले.

"एवढ्या जणी?" त्यांनी विचारलं.

"रोजच असतो की."

"मंजुरी कालच निघाली, मावशी."

वरातीमागून घोडं. मावशीने माझ्यावरचा डबा काढून घेतला.

भराव पडला तेव्हा माझ्या अंगावरची कालवं एकेक करून मिटली. ओहोटी लागली की माझ्याभोवतीचा चिखल अजूनही सुस्कारे टाकतो आणि वर अनवाणी पावलं येतात. सुरुवातीला चौकीदार हटकायचा.

"मावशी, इथे आता काय आहे?"

"माहीत आहे रे. पण वेळ झाली की पाय घरात थांबत नाहीत."

हल्ली पावलं येतात, पण चौकीदार कुणालाच हटकत नाही. त्याला तिथे कुणी दिसतच नसेल, अशी मला भीती वाटते.

मित्रांनो, उद्या तुम्ही मोठे व्हाल, साहेबही व्हाल. एखादी जागा रिकामी आहे असं कुणी सांगितलं तर सही करण्याआधी त्याला एवढंच विचारा, की तू तिथे कोणत्या वेळी गेला होतास?