कागेनामीची शेंडी

वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी शहाण्या माणसानं सकाळी नऊ वाजता लंगोट कसून परक्या माणसाला आखाड्याबाहेर ढकलत बसू नये. कागेनामीचं मात्र अठ्ठावीस वर्षं तेच चाललं होतं. सुमोच्या सहा पायऱ्यांपैकी खालून दुसरीवर त्यानं जणू संसारच थाटला होता. तीनदा तो तिसरीवर चढला आणि तिन्ही वेळा खाली गडगडला. पगार मिळतो तो वरच्या दोन पायऱ्यांवर, आणि त्या त्यानं लांबूनच पाहिल्या. तालमीत त्याच्या कुस्तीपेक्षा त्याच्या हातच्या रश्शाचा दबदबा जास्त होता.

या मे महिन्यात मात्र वस्तादांनी हात टेकले.

"कागे, या स्पर्धेत सात कुस्त्यांतल्या चार जिंकलास तर राहा. नाहीतर शेंडी कापून घरी. पुरे झालं आता."

कागेनामीनं रश्शात मीठ घालता घालता "बरं" म्हटलं आणि लगेच पुन्हा मीठ घातलं. त्या दिवशी सगळी तालीम घासागणिक पाणी पीत जेवली.

सहा कुस्त्यांत तीन जिंकल्या, तीन हरल्या. सातवी शनिवारी, पलीकडच्या तालमीतल्या इवाकुमाशी. दोघे आजवर एकोणीस वेळा एकमेकांना भिडले होते.

शनिवारी पहाटे तालमीचा न्हावी तोकोहारु कागेनामीचे केस बांधायला बसला. सत्तावीस वर्षं कागेनामीची शेंडी त्याच्याच हातची. तोही पुढच्या वर्षी निवृत्त व्हायचा होता. एरवी त्याच्या तोंडाचा पट्टा अखंड चालू. "टाळूवर केसांपेक्षा तेलच जास्त झालंय, बांधू काय, कपाळ?" हे रोजचं ठरलेलं. त्या दिवशी मात्र तो गप्प होता. कागदाची कोरी दोरी काढून त्यानं अशी आवळली की कागेनामीच्या भुवया वर चढल्या.

"अहो तोकोसान, डोळे मिटता येईनात मला!"

"मग उघडे ठेव. लढायचंय ना?"

जवळजवळ रिकाम्या सभागृहात अकरा प्रेक्षक होते, त्यातला एक झोपलेला. कागेनामीनं इवाकुमाला कडेपर्यंत रेटलं. आता जिंकलोच, असं त्याला वाटलं आणि तेवढ्यात इवाकुमानं बाजूला सरकून त्याला खाली ओढलं. कागेनामी पालथा पडला, तोंडात वाळू. संपलं. अठ्ठावीस वर्षांत इतकं रडू त्याला कधीच आलं नव्हतं.

"आई गं, बोट!" वरून आवाज आला.

इवाकुमा वाकलेलाच होता. त्याचं बोट कागेनामीच्या शेंडीत अडकलं होतं आणि काही केल्या निघत नव्हतं. पाचही पंच आखाड्यावर चढले. शेंडी धरली की हार. मुद्दाम धरलीय की चुकून, ते कुणी विचारत नाही. कुस्ती कागेनामीला दिली.

बाहेर इवाकुमानं त्याला गाठलं. "मी केस धरले? अरे, धरायला होते कुठे? मला दिसलेसुद्धा नाहीत!"

"दहा वर्षांत माझ्या केसांची दखल घेणारा तू पहिलाच. आभारी आहे."

"चांगलीच शेंडी लावलीस, लेका," इवाकुमा बोट चोळत हसला.

वस्तादांनीही हसू दाबत सांगितलं, "चार म्हणजे चार. जा, भाज्या चिरायला घे."

भाज्या राहू देऊन कागेनामी आधी तोकोहारुसमोर जाऊन बसला. गाठ सुटेना. म्हाताऱ्याची नखं दुखली, दातही लावून झाले, शेवटी त्यानं दोरीच कापली.

"एवढी आवळलीत कशाला?" कागेनामी म्हणाला. "रोजच्यासारखी सैल असती तर त्याचं बोट निसटलं असतं, आणि ही कात्री आत्ता वस्तादांच्या हातात असती."

तोकोहारु फणी पुसू लागला.

"शेवटचीच बांधतोय असं वाटलं," तो म्हणाला. "सुटू नये वाटलं रे."

 कागेनामीनं डोकं पुढं केलं.

"उद्यापण तश्शीच बांधा. डोळे नाही मिटले तरी चालतील."