काचेवरचं हळदीचं बोट

मित्रांनो, धामणगाव बढे गावात भागवतरावांच्या घरी, खिडकीजवळच्या स्टुलावर, विणलेल्या रुमालाखाली जे काही झाकून ठेवलेलं दिसतं, तो मी. येणारे-जाणारे मला शिलाई मशीन समजतात. एकदा तर पाहुण्यांनी माझ्यावर चहाची बशीही ठेवली होती. मी प्रिंटर आहे, आता बराच जुना झालो आहे. कागदावर छापतो, आणि डोक्यावरचं टोपण उचलून काचेवर कागद पालथा घातलात तर त्याची नक्कलही काढून देतो.

माझ्या पोटात एक आकडा असतो. आजवर किती पानं छापली ते त्यात कळतं. आज तो तीन हजार चारशे एकोणीस आहे. त्यातली निम्मी पानं तरी “एकच पान आहे वं, काढून दे” म्हणत आलेल्या शेजाऱ्यांची असतील. माणसं एका पानासाठी येतात तेव्हा पिशवीत पाच असतात, हे मी इतक्या वर्षांत शिकलो. पण तक्रार नाही. त्या निमित्ताने टोपण उघडायचं, आणि उघडणारा हात बहुधा कोकिळाबाईंचा असायचा.

मला बुलडाण्याहून एसटीने आणलं, तेही भागवतरावांच्या मांडीवर. लेक सुचिता तेव्हा आठवीत होती आणि शाळेत रोज नवा प्रकल्प निघत होता. उंबऱ्यावर कोकिळाबाईंनी मला अडवलं. भाकरतुकडा ओवाळून टाकला, मगच आत घेतलं. भागवतरावांच्या थोरल्या बहीण झुंबरबाई म्हणाल्या, “अवं, सून आणली का मशीन?”

“घरात कामाले आलं त्याले ओवाळाव लागते, अक्का,” कोकिळाबाई म्हणाल्या. “मले नोयतं का ओवाळलं?”

त्यांना माझं एकही बटण नीट ठाऊक नव्हतं. पण धूळ पुसणं त्यांचंच. दसऱ्याला ट्रॅक्टर, विहिरीवरची मोटर, विळे-कोयते आणि मिक्सर यांच्या रांगेत मीही बसायचो. टोपणावर हळदीकुंकू, वर झेंडूचं फूल. ट्रॅक्टरला हार आणि मला एकच फूल, हे मी दरवर्षी पाहिलं, पण ते असो.

मागच्याच्या मागच्या दसऱ्याला मात्र त्यांनी टोपण वर उचललं. म्हणाल्या, “वरून पुजून काय होते? काम तर हे आतून करते.” आणि ओल्या हळदीची पाच बोटं सरळ काचेवर टेकवली.

सुचिता धावत आली. “माय! काय करून राह्यली तू? मशीन खराब होते ना! तुले काई समजते का?”

कोकिळाबाई हसल्या. ओल्या हातानेच काच पुसली, म्हणजे हळद सगळीकडे सारखी केली. चार बोटं गेली, कोपऱ्यातलं एक राहिलं. “राहू दे थे,” म्हणाल्या आणि टोपण लावलं.

त्यानंतर दीड महिन्यात त्या गेल्या. दोन दिवस ताप आला, मग बुलडाण्याचा दवाखाना, आणि मग नाहीच. पुढचा दसरा घरात झाला नाही. वर्षाच्या आत सण नसतो. मी रुमालाखालीच राहिलो. महिन्याकाठी एखादं विजेचं बिल छापायचं, बाकी काळोख. त्या काळोखात माझ्या काचेवर कोपऱ्यात एक बोट होतं, आणि ते आहे हे फक्त मला माहीत होतं.

मग वर्षश्राद्ध आलं. चार दिवसांवर. भिंतीवर लावायला फोटो हवा होता.

मोबाइलमध्ये कोकिळाबाईंचे फोटो पुष्कळ होते, पण त्या मोबाइलला माणूस दिसलं की पीठ फासायची सवय. सगळ्या फोटोंत त्या पांढऱ्या. खऱ्या कोकिळाबाई तांबूस सावळ्या, उन्हात उभ्या राहिल्या की भाजलेल्या शेंगदाण्यासारख्या. पूर्वी एकदा एका स्टुडिओत फोटो मोठा करायला दिला, तर त्यांनीही वर मेहेरबानी म्हणून गोरी करून दिली. भागवतरावांनी तो फोटो कपाटामागे ठेवला आहे, तोंड भिंतीकडे करून.

खरा फोटो एकच. लग्नानंतर दोघं लोणारला गेले होते, तिथे सरोवराच्या काठावर काढलेला. अंगावर मोरपंखी साडी, आणि फोटोवाल्याने काय सांगितलं कोण जाणे, त्या तोंडभर हसताहेत. तो फोटो त्याच साडीच्या घडीत, ट्रंकेत, अंधारात राहिला, म्हणून रंग टिकला. भागवतराव म्हणाले, “हा घराबाहेर जाणार नाई. घरीच काढ.”

सुचिताने चकचकीत फोटो-कागदांचं पाकीट आणलं. दहा कागद. फोटो माझ्या काचेवर पालथा घातला आणि बटण दाबलं.

मित्रांनो, माझ्या तोंडून जे बाहेर आलं त्याची मलाच लाज वाटली. फोटो काळवंडलेला, वरून पिवळा. साडी शेवाळासारखी.

झुंबरबाईंनी चष्मा पुसून पाहिला. “हे कोकिळा आहे? हे तर काविळीचं माणूस दिसून राह्यलं. अन् दिवेलागणीले काढलं का?”

“शाई शिळी झाली असन,” भागवतराव म्हणाले.

शाई! मशीनचं काही बिघडलं की आधी शाईवर आळ. सुचिताने माझी परीक्षा घेतली, साध्या कागदावर चार रंगांच्या बारीक जाळ्या छापून. एकही रेघ तुटली नव्हती. शाई सुटली. मग तिने मोबाइलमधल्या माझ्या सेटिंगच्या खुणा एकेक करून पाहिल्या आणि कपाळावर हात मारला. शाळेच्या प्रकल्पांपासून मला एकच सांगून ठेवलेलं होतं, कागद साधा आहे. साधा कागद शाई पितो, म्हणून मी सढळ हाताने ओतत होतो. चकचकीत कागद तेवढी पीत नाही, वरच साचवतो, आणि फोटो काळा पडतो. तिने “फोटो-कागद” ही खूण केली. पुढचा फोटो उजळ आला. काळोख गेला.

पिवळेपणा तसाच.

इथून पुढे तिने जे केलं ते सगळेच करतात. दुखणं कुठे आहे ते न शोधता वरून लेप. मोबाइलवर पिवळा कमी, निळा जास्त. एक कागद, दुसरा कागद, पाचवा. शेवटी तिने ट्रंकेतली साडीच आणून माझ्या शेजारी पसरली आणि तिच्याशी रंग जुळवायला लागली. साडी जुळली. एकदम मोरपंखी. ती आनंदाने ओरडली, “बाबा, पाहा!”

भागवतरावांनी फोटो हातात घेतला. साडीकडे त्यांचं लक्षच नव्हतं. चेहरा राखेसारखा निळसर झाला होता.

“अशी थे दवाखान्यात दिसत होती,” ते म्हणाले. “शेवटच्या दिवशी.” आणि फोटो पालथा ठेवून गोठ्याकडे निघून गेले.

सुचिता भिंतीला टेकून बसली. झुंबरबाई शेजारी शेंगा फोडत होत्या.

“आत्या, मायचा रंग नेमका कसा होता वं?” ती म्हणाली. “मले आता आठवत नाई. वर्ष नाई झालं अजून, अन् मले आठवत नाई.”

मला सगळं ठाऊक होतं. पण माझ्याजवळ बोलायला एक लाल दिवा, आणि तो कागद संपल्यावरच लागतो. आणि खरं सांगायचं तर, बोलता आलं असतं तरी मी बोललो असतो का? टोपणाखाली कोपऱ्यात जे होतं ते माझं होतं. वर्षभर मी ते जपलं होतं. सांगितलं तर पुसलं जाणार. न सांगावं, तर हसणाऱ्या कोकिळाबाई माझ्या पोटातून रोज आजारी होऊन बाहेर येणार.

झुंबरबाईंनीच वाट काढली, न कळता. “अवं, साऱ्यांनाच कावीळ करते का हे मशीन? माह्या बकरीचा फोटो आहे ना तुह्या मोबाइलात, थो काढून पाहा.”

सुचिताला त्या अवस्थेतही हसू आलं. साध्या कागदावर तिने बकरी छापली. बकरी जशी होती तशी आली, पांढऱ्याला पांढरी, काळ्याला काळी. गळ्यातली दोरीसुद्धा लालच.

सुचिता ताठ बसली. “म्हंजे हे छापते बरोबर. पाहते चुकीचं.”

तिने काचेवर एक कोरा कागद घातला आणि त्याची नक्कल काढली. कोऱ्या कागदाची नक्कल पिवळट आली. तिने टोपण पूर्ण वर केलं, मान वाकडी केली आणि खिडकीच्या उजेडात काचेकडे तिरपं पाहिलं. काचभर हळदीचा सायीसारखा पातळ थर. आणि कोपऱ्यात बोट. त्याच्या रेघासुद्धा शाबूत.

टोपण धरूनच ती आणखी खाली वाकली. मग म्हणाली, “मी ओरडली होती तिच्यावर. तुले काई समजते का म्हणून.”

भागवतरावांना गोठ्यातून बोलावलं. ते वाकून पाहत राहिले. झुंबरबाई आपल्या स्वभावाप्रमाणे बोलल्या, “पुसा मग, कायची वाट पाहून राह्यले?” आणि लगेच पदर तोंडाला लावला.

पाकिटात दोन कागद उरले होते.

“आधी या बोटाची नक्कल काढू का, बाबा?” सुचिताने विचारलं. “साध्या कागदावर काढते. चांगले दोनच आहेत.”

“चांगल्यावर काढ,” भागवतराव म्हणाले. “तिले साधं नको.”

काचेवर काही न ठेवता टोपण लावलं गेलं. मित्रांनो, माझा दिवा त्या काचेखालून या टोकापासून त्या टोकापर्यंत हजारो वेळा फिरला आहे, पण त्या दिवशी कोपऱ्यात पोचताना मला तो थांबवावासा वाटला. मशीनला थांबता येत नाही. पिवळसर पान बाहेर आलं, कोपऱ्यात एक बोट, अगदी खऱ्या मापाचं. भागवतरावांनी त्यावर आपलं बोट ठेवून पाहिलं. त्यांचं मोठं होतं.

काच पुसायला सुचिताचा हात होईना. भागवतरावांनीच मऊ धोतराचा तुकडा ओला करून पिळला आणि पुसली. हळूहळू, कोपरा शेवटी. मग कोरड्याने.

शेवटचा कागद. लोणारचा फोटो पालथा घातला. मी आयुष्यात इतक्या जपून कधी छापलं नाही. आधी सरोवर आलं, मग मोरपंखी काठ, मग हसू, आणि भाजलेल्या शेंगदाण्याचा तो रंग.

सुचिताने साडीचा पदर फोटोला लावला. कुठे साडी संपते आणि कुठे फोटो सुरू होतो, कळत नव्हतं. झुंबरबाई म्हणाल्या, “आता बोलन पाहा थे. पहिले मलेच टोमणा मारन.”

फोटो भिंतीवर गेला. बोटाचं पान भागवतरावांनी साडीच्या घडीत ठेवलं, जिथे आधी फोटो होता तिथे.

तेव्हा मित्रांनो, तुमच्या घरी एखादा माझ्यासारखा असेल आणि तो रंग चुकवायला लागला, तर लगेच शाईला शिव्या देऊ नका, लेपही लावू नका. कागद कोणता सांगितला आहे ते पाहा, टोपण उचला, काच स्वच्छ ठेवा. फक्त पुसण्याआधी एकदा उजेडात तिरपं पाहून घ्या.

माझी काच आता लख्ख आहे. फोटो अगदी खरे येतात, शेजारी नावाजतात. या दसऱ्याला वर्ष सरलेलं असेल, पूजा होईल. सुचिता शहाणी आहे, ती हळदीकुंकू टोपणावरच लावील, वर झेंडूचं एक फूल ठेवील. तेच बरोबर आहे.

तरी टोपण उचललं गेलं की माझा दिवा अजून आधी त्या कोपऱ्याकडे जातो.